वूव्रेची बाटली गोड निघाली, त्याची गोष्ट

मु.पो. पॅरिस

गेल्या दिवाळीत इथल्या चार मित्रांना घरी जेवायला बोलावलं होतं. कोलंबीचं हिरवं कालवण, भात, तळलेली मासळी असा बेत. सोबत पांढरी वाइन हवी, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वूव्रेची बाटली उचलली. लेबलवर गावाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि साल, बस्स. फ्रेंच पांढरी वाइन म्हणजे चांगली आंबट आणि ड्रायच असणार, असं मी गृहीत धरलं होतं. ग्लासात ओतली तर गोडसर! बायको मराठीत पुटपुटली, "सरबत उचललंस की काय?" पाहुण्यांपैकी एका फ्रेंच बाईंनी मात्र कालवणाचा घास घेतला, एक घोट घेतला, परत घास, परत घोट, आणि विचारलं, "ही जोडी तुला कुणी सुचवली?" मी साळसूदपणे म्हटलं, आमच्याकडे असंच असतं.

त्या बाई तूर शहराच्या. वूव्रे तिथून पूर्वेला दहाएक किलोमीटर. त्यांनी मला त्या रात्री जे सांगितलं ते डोक्यात बसलं. या गावात पांढरी वाइन एकाच द्राक्षाची होते, शेनिन ब्लां. (नियमात ऑर्ब्वा नावाच्या एका जुन्या जातीला किंचित जागा आहे, पण ती नावापुरती.) त्याच द्राक्षाची, बऱ्याचदा त्याच बागेतली वाइन एका वर्षी कडक ड्राय असते, दुसऱ्या वर्षी अर्धी गोड आणि तिसऱ्या वर्षी मधासारखी. काय करायचं ते मालक मार्चमध्ये ठरवत नाही. ऑक्टोबर ठरवतो.

म्हणून मे महिन्यात जाऊन आलो. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून साँ-प्येर-दे-कोर सुमारे तासाभराच्या अंतरावर. पोचायच्या जरा आधी गाडी दीडेक किलोमीटरच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर पडली की ल्वार नदी ओलांडते. कानात दडे बसले एवढंच तेव्हा लक्षात आलं. मी वूव्रेच्या द्राक्षबागांच्या पोटातून गेलो होतो हे संध्याकाळी कळलं. त्याबद्दल खाली सांगतो.

गाव ल्वारच्या उजव्या तीरावर, एका पांढऱ्या कड्याच्या पायथ्याशी. हा दगड म्हणजे त्युफो, मऊ चुनखडी. करवतीनं कापता येतो, हवेत राहिला की टणक होतो. तूरमधली जुनी घरं आणि ल्वारकाठचे कितीतरी राजवाडे याच दगडाचे. दगड काढून नेल्यावर मागे जी भोकं उरली त्यात लोकांनी आधी घरं थाटली आणि मग पिंपं ठेवली. लेणी म्हटलं की आपल्याला मूर्ती आठवतात, इथे लेण्यात शिरलं की बाटल्यांच्या भिंती दिसतात. दार रस्त्यावर, खिडकी कड्यात, आणि वर पठारावर चालत गेलात तर वेलींच्या दोन रांगांमध्ये जमिनीतून एक धुराडं वर आलेलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं. त्याच्याशेजारी उभं राहून मी बराच वेळ आपण नेमके कुणाच्या डोक्यावर उभे आहोत याचा विचार करत होतो.

आत बाराही महिने १२ अंशांच्या आसपास गारवा. वाइनला यापरतं काय हवं!

ज्यांच्याकडे गेलो त्या घराचं नाव लिहीत नाही. छोटं कुटुंब आहे. आजोबा, मुलगी आणि जावई. आजोबांनी एकामागून एक पाच ग्लास पुढे ठेवले. पहिला फेसाळ. गावात होणाऱ्या वाइनपैकी निम्म्याहून जास्त फेसाळ असते, हे मला माहीतच नव्हतं. शँपेनच्याच पद्धतीनं बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली, आणि त्यातही एक 'पेतियाँ' म्हणून प्रकार असतो, त्यात वायूचा दाब कमी, बुडबुडे जिभेला गुदगुल्या करण्यापुरते. मग ड्राय, म्हणजे सेक. मग दमी-सेक, म्हणजे अर्धी गोड. मग म्वालो, त्याहून गोड. शेवटचा ग्लास माझ्या जन्माच्या आधीच्या सालातला, रंग जुन्या पितळेसारखा.

युरोपच्या नियमात लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखर म्हणजे म्वालो, त्याच्यावर दू. आकडे ऐकून घाबरू नका, कोलाच्या बाटलीत लिटरला शंभरावर ग्रॅम असतात. आणि इथे साखरेच्या मागे आंबटपणा असा उभा असतो की गोडवा जिभेवर रेंगाळत नाही. चिंच-गुळाच्या आमटीत गूळ वेगळा लागतो का? तसं.

वासाबद्दल पुस्तकी वर्णनं बरीच आहेत: हिरवं सफरचंद, मध, कॅमोमाइलची फुलं. पण ड्रायच्या ग्लासात नाक घातल्याबरोबर मला आठवलं ते आजोळच्या पडवीत वाळत घातलेलं पावसात भिजलेलं घोंगडं. लाजत लाजत मुलीला सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे, शेनिनला ओल्या लोकरीचा वास येतो असं सगळेच म्हणतात. उगाच लाजलो.

बोगद्याची गोष्ट अशी. गास्ताँ ह्युए हे वूव्रेचं मोठं नाव. १९२८ साली त्यांच्या वडिलांनी 'ओ-ल्यू' नावाची बाग घेतली, पुढे 'ल माँ' आणि 'क्लो द्यु बूर' या दोन बागा जोडल्या गेल्या. गास्ताँ दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती लागले आणि पाच वर्षं युद्धकैदी म्हणून छावणीत काढली. त्या छावणीत १९४३ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी चक्क वाइनचा उत्सव केला. वाट्याला आली ती प्रत्येकी जेमतेम घोटभर. सुटून आले, १९४७ साली गावाचे महापौर झाले ते १९८९ पर्यंत. वेगवान रेल्वेचा मार्ग बागांमधून जाणार हे ठरल्यावर म्हातारा भांडायला उभा राहिला. शेवटी गाडी बागांखालून न्यायचं ठरलं. १९९० साली तो मार्ग सुरू झाला. वर वेली, मध्ये तळघरं, खाली ताशी तीनशेच्या घरातली गाडी.

लांबलं. फोटो टाकायचा प्रयत्न केला, जमला नाही. कुणी या गावाची वाइन प्यायली असेल तर लिहा.

तळ्यात मळ्यात

लेख मस्त, पण फोटो नाहीत म्हणून जाहीर निषेध. धुराड्याचा तरी हवा होता.

स्वाती_कोथरूड

छान लिहिलंय. भाबडा प्रश्न: दुकानात उभं राहून ही गोड आहे की ड्राय हे ओळखायचं कसं? आम्ही पुढच्या महिन्यात लेकीकडे लिआँला जातोय. मला गोड चालते, ह्यांना अजिबात नाही. घरात तह व्हायला हवा.

मु.पो. पॅरिस

स्वातीताई, लेबलवर सेक किंवा दमी-सेक लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. पण न लिहिणारेही बरेच आहेत. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात सापडतं कधी कधी. नाहीतर सरळ दुकानदाराला विचारा, "सेक?" म्हणून. आणखी एक गोम आहे: 'सेक-तांद्र' असं काहीजण म्हणतात, म्हणजे मृदू ड्राय, म्हणजे ड्रायच्या नावाखाली गोडाची चिमूट. नियमात हा शब्द नाही, बोलण्यात आहे. तह करायचाच असेल तर फेसाळ 'ब्रूत', म्हणजे ड्राय फेसाळ, घ्या. तिथे भांडण होत नाही.

गोडीछाटणी

धागा वर दिसला म्हणून आलो. मी वाइनवाला नाही, बागायतदार. दिंडोरी तालुक्यात आमच्या दोन एकरांत वाइनची द्राक्षं आहेत, त्यात चेनिन. (आम्ही चेनिन ब्लँकच म्हणतो, कंपनीच्या पर्चीवरही सगळे तसंच म्हणतात. ब्लां म्हटलं तर ट्रॅक्टरवाला हसेल.) बाकी खाण्याची द्राक्षं.

मुपो, तुम्ही म्हणता एकाच बागेतून तीन तऱ्हा निघतात, ते मला पटतं, कारण ही जातच लहरी आहे. लवकर फुटते आणि उशिरा पिकते. एकाच वेलावरचा एक घड सोनेरी, शेजारचा हिरवागार. घड गच्च असतो, मणी एकमेकाला दाबतात, साल पातळ. पाऊस झाला की मणी तडकतो आणि आतून बुरशी. आमच्याकडे कंपनीचा माणूस येतो, साखर मोजतो, तोडणीची तारीख देतो, एका दिवसात प्लॉट साफ. ते लोक काय करतात?

आणि तिकडे छाटणी एकदाच असेल ना? आमचं दोनदा. एप्रिलात खरड (काड्या तयार व्हायला), मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी (फळासाठी). आमच्या वेलाला झोप अशी नाहीच.

मु.पो. पॅरिस

या प्रतिसादाची वाट बघत होतो.

छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल पूर्ण झोपलेला असताना. तोडणी मात्र एकदा नाही. गोड वाइन करायची असेल तर तेच मजूर त्याच रांगेतून पुन्हा पुन्हा फिरतात, दर वेळी फक्त पूर्ण पिकलेले, बऱ्याचदा बुरशी लागून आटलेले घड, कधी कधी घडातले निवडक मणी काढतात. त्या फेरीला 'त्री' म्हणतात. पहिल्या फेरीच्या मालाची वेगळी बाटली भरतात आणि ती सगळ्यात महाग. तोडणी ऑक्टोबरात, आणि चांगल्या सालात नोव्हेंबरात रेंगाळते. तोवर बाकी फ्रान्समधले बहुतेक लोक पिंपं बंद करून बसलेले असतात.

गोडीछाटणी

एका रांगेत तीन-चार फेऱ्या! मजुरी परवडते?

मु.पो. पॅरिस

हाच प्रश्न मी आजोबांना विचारला होता. म्हणाले, "परवडत नाही, म्हणून तर फेसाळ करतो." फेसाळीला द्राक्ष कमी पिकलेलं चालतं, आंबटच हवं असतं, म्हणून तोडणी आधी आणि एका झटक्यात. गार सालात जवळपास सगळं पीक तिकडे जातं. गोडाचं साल आलं की हौस भागवून घ्यायची.

जुना खोडकर

म्हणजे बुरशी लागलेल्या द्राक्षाची दारू करून दुप्पट भावाला विकतात, आणि आपण इकडून जाऊन ओल्या घोंगडीचा वास घेऊन धन्य होतो. आमच्या आजीच्या घोंगडीला कुणी युरो दिले नाहीत. हलकेच घ्या.

(वाइन ही दारू आहे की नाही हा वाद कृपया कुणी सुरू करू नका. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन विकू देण्यावरून पोटभर झालेला आहे.)

बेदाणा शेड

आजोबा म्हणाले ते मला कळलं. मी तासगावचा. गोड करायला दर वेळी बुरशीच लागते असं नाही ना? वारा आणि ऊन मिळालं तर मणी वेलावरच सुकतो, अर्धा बेदाणा होतो. पाणी उडतं, साखर उरते. आम्ही डिपिंग करून (द्रावणात बुडवून) शेडमध्ये जाळीवर पसरतो, ते वेलावर ठेवतात, फरक एवढाच.

मु.पो. पॅरिस

अगदी तेच. काही सालांत बुरशी जवळपास नसते, सगळी करामत सुकण्याची. काही सालांत उलटं. १९४७, १९५९, १९८९, १९९० ही सालं लोक देवाची नावं घ्यावी तशी घेतात. त्यात १९४७ तर दंतकथाच.

खोडकरकाका, बुरशीबद्दल. तीच बुरशी, दोन निकाल. सकाळी नदीवरून धुकं, दुपारी कडक ऊन, असं चक्र चाललं तर ती सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखरेसोबत आंबटपणाही दाट होतो. मग तिला 'राजेशाही' कूज म्हणतात. धुकं उठलंच नाही, पावसाची झड लागली, तर तीच बुरशी घड सडवून टाकते. ल्वार आहेच, शिवाय ब्रेन आणि सिस या छोट्या नद्या तिथूनच जातात, त्यामुळे धुक्याला तोटा नाही. उन्हाची हमी नाही.

गोडीछाटणी

करडी कूज आम्ही ओळखतो, मित्रा. सकाळी बागेत गेल्यावर घडावर राख फासल्यासारखी दिसली की पोटात गोळा येतो. तिला कुणी 'राजेशाही' म्हणत असेल हे बायकोला सांगितलं, ती म्हणाली, त्यांना भुरी आणि डावणी (द्राक्षावरचे दुसरे रोग) द्या म्हणावं पाठवून, त्याही राजघराण्यातल्याच.

इतिहासाचे ओझे

धागा चांगला चाललाय, थोडी भर घालतो.

तूरला चौथ्या शतकात संत मार्टिन हे बिशप होते. शहराबाहेर, वूव्रेच्या वाटेवरच, त्यांनी मार्मूतिए नावाचा मठ स्थापन केला. कथा अशी की संतमहाराज मठाच्या बागा बघायला गाढवांवर बसून आले, गाढवं वेलींना बांधून गप्पा मारत बसले, आणि परत येऊन बघतात तर गाढवांनी वेली पार खाल्लेल्या. पुढच्या वर्षी त्याच वेलींना उत्तम द्राक्षं लागली. छाटणीचा शोध असा लागला म्हणतात.

अर्थात, हीच गोष्ट त्याच्या कितीतरी आधी ग्रीसमधल्या नाफ्प्लियो गावाबद्दल पाउसानियास या ग्रीक प्रवासलेखकानं लिहून ठेवली आहे. तिथेही गाढवच. तेव्हा खरं-खोटं तुम्ही ठरवा.

दुसरं म्हणजे डच व्यापारी. सोळाव्या-सतराव्या शतकात त्यांनी ल्वारकाठच्या गोड पांढऱ्या वाइनची मोठी खरेदी केली. पिंपं होड्यांवर चढवून नदीतून नाँतच्या बंदरात आणि तिथून उत्तरेला. त्या काळी गोड म्हणजे भारी, हाच हिशेब होता. साखर महाग होती. ड्रायची मिजास ही अलीकडची आहे.

तळ्यात मळ्यात

गाढवाला गुळाची चव नसेल, पण छाटणीची अक्कल होती म्हणायची.

गोडीछाटणी

आमच्याकडे गाढवानं बाग खाल्ली तर संत काय, तलाठीसुद्धा बघायला येत नाही.

केप कॉलनी

नमस्कार, मी केपटाउनजवळ राहते, गेली अकरा वर्षं. एवढा वेळ शेनिनवर चर्चा चाललीय आणि दक्षिण आफ्रिकेचं नाव नाही! जगात शेनिनची सगळ्यात जास्त लागवड फ्रान्समध्ये नाही, इथे आहे. इथे तिला कित्येक पिढ्या 'स्टीन' म्हणत आले, आणि हीच ती फ्रान्सची शेनिन आहे हे १९६०च्या दशकात पक्कं झालं. त्याआधी बहुतेक माल ब्रँडीच्या भट्टीत जायचा. आता जुन्या वेलींच्या शेनिनचं फार कौतुक चालू आहे.

मी वूव्रे दोनदा प्यायलेय, दोन्ही वेळा ड्राय. खरं सांगायचं तर इथल्या उन्हात वाढलेल्या शेनिनची सवय झाल्यावर वूव्रे पहिल्यांदा फारच ताठ वाटली. कैरी मीठ न लावता चावावी तशी. दुसऱ्या वेळी बाटली आठ वर्षांची होती, तेव्हा कळलं काय ते. माझं मत: तरुण वूव्रे सेक पिऊन मत बनवू नका.

मु.पो. पॅरिस

केपताई, शंभर टक्के सहमत. अक्षांश ४७, उन्हाळा बेताचा. द्राक्षात आंबटपणा खच्चून असतो, आणि तो कमी करणारं जे वेगळं आंबवणं असतं (फेसाळीतलं नव्हे) ते पारंपरिक वूव्रेवाले बहुधा होऊ देत नाहीत. नव्या लाकडाची पिंपंही वापरत नाहीत, जुनीच मोठी. त्यामुळे वाइनला लोणी किंवा व्हॅनिलाचा मुलामा मिळत नाही. द्राक्ष जसं आहे तसं अंगावर येतं. पण त्याच आंबटपणाच्या जोरावर ती पन्नास वर्षं टिकते.

रविवारचा बेत

नाशिकची चेनिन मी नेहमी पितो. तिथल्या सुला कंपनीच्या पहिल्या वाइन २००० साली बाजारात आल्या, त्यातही चेनिन होती ना? म्हणजे आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या तोंडात पहिला वाइनचा घोट याच द्राक्षाचा. तीही गोडसरच लागते. मग वूव्रेच्या दमी-सेकमध्ये आणि तिच्यात फरक काय? चिडवायला विचारत नाही, खरंच विचारतोय.

मु.पो. पॅरिस

चांगला प्रश्न. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून प्यायलोय (गेल्या सुट्टीत एक नाशिकची बाटली बॅगेत आणली होती, मोज्यांत गुंडाळून).

नाशिकची पहिल्या घोटाला जास्त आवडते. पेरू, पिकलं केळं, अननस असा फळांचा घमघमाट. गार करून घेतली तर दुपारी झकास. पण ती यंदाच्या यंदा प्यायची. दमी-सेकमध्ये फळ मागे आणि आंबट पुढे, आणि ग्लास संपल्यावरही तोंडाला पाणी सुटत राहतं. गोडी दोन्हीत साधारण सारखी असेल, पण एकीत गोडी बसलेली असते आणि दुसरीत उभी. यापेक्षा नीट सांगता येत नाही मला.

यात नाशिकची चूक नाही. गोडीछाटणी जास्त सांगू शकतील.

गोडीछाटणी

सांगतो. आमचा माल जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत तोडतात. तेव्हा रात्री गार आणि दिवस तापायला लागलेला. साखर भराभर चढते आणि आंबट त्याच वेगानं उतरतं. चार दिवस जास्त ठेवलं तर कंपनी म्हणते आंबट गेलं. तिकडं उलट, त्यांचा माल गारठ्याकडं जात पिकतो, म्हणून दोन्ही एका मण्यात सापडतं. आमचा माल उन्हाकडं जात पिकतो. द्राक्ष एकच असलं तरी घड्याळ उलटं आहे.

गोड पाहिजे म्हणून मीही एकदा एक रांग ठेवून बघितली होती. पंधरा दिवसांनी मधमाश्या, मग गांधीलमाश्या, मग पाखरं. वाइन कुणीच केली नाही.

इतिहासाचे ओझे

अवांतर: मुपो, नदीच्या पलीकडे माँलुई नावाचं गाव आहे, तेही शेनिनवालंच. तिथल्या भांडणाबद्दल लिहा की.

मु.पो. पॅरिस

लिहिणार होतोच. माँलुई समोरच्या, म्हणजे डाव्या तीरावर. एकेकाळी तिथली वाइनही वूव्रे म्हणूनच विकली जायची. १९३६ साली वूव्रेच्या नावाला कायद्याची कुंपणं पडली, त्यात आठ गावांच्या जमिनी आल्या, पण सगळ्या याच तीरावरच्या. माँलुईला १९३८ साली स्वतःचं नाव मिळालं. ठीक.

पण माँलुईत तळघर असलेल्या काही लोकांच्या बागा वूव्रेच्या हद्दीत आहेत. ते वूव्रेत द्राक्षं तोडायचे, पूल ओलांडून घरी न्यायचे, वाइन बनवायचे आणि वूव्रे म्हणून विकायचे. बरीच वर्षं चाललं. साधारण दहा वर्षांपूर्वी निकाल लागला की वाइन हद्दीच्या आतच बनली पाहिजे. तेव्हापासून त्या बागांची वाइन, आणि त्यातली काही फारच सरस आहे, नुसती 'फ्रान्सची वाइन' म्हणून विकावी लागते. गावाचं नाव लेबलवर लिहायची सोय नाही. माहीतगार माणूस बागेचं नाव बघून ओळखतो.

मी याबद्दल आजोबांना विचारलं तेव्हा मुलीनं विषय बदलला. यावरून काय ते समजा. माझं वैयक्तिक मत, हा नियम कोतेपणाचा आहे. नाव जमिनीचं असेल तर द्राक्षानं पूल ओलांडला म्हणून जमीन बदलते का?

जुना खोडकर

बदलते. हापूसच्या पेटीनं घाट ओलांडला की काय होतं ते वाशीच्या बाजारात जाऊन बघा. कुंपण एकदा सैल केलं की मागून कर्नाटक येतोच. वूव्रेवाल्यांचं बरोबर आहे.

रविवारचा बेत

खोडकरकाका, उदाहरण उलटं आहे. वाशीत बाहेरचा आंबा आत येतो. इथे आतलं द्राक्ष बाहेर गेलंय. रत्नागिरीचा आंबा पुण्यात आटवला म्हणून त्याला हापूसचा आटवलेला रस म्हणायचं नाही, असं झालं हे.

जुना खोडकर

पुण्यात आटवला तर नाहीच म्हणायचं. त्यात भोपळा असतो.

स्वाती_कोथरूड

पुण्यावर घसरल्याबद्दल णिषेध. आणि खायचं काय ते कुणीच सांगत नाहीये!

मु.पो. पॅरिस

स्वातीताई, तिथले लोक काय खातात ते आधी. तूरकडे 'रिएत' म्हणून डुकराचं मांस चरबीत तासन्‌तास शिजवून, दोऱ्यांसारखं सोडवून करतात. साँत-मोर गावचं शेळीच्या दुधाचं चीज असतं, लांबोडकं, मधून गवताची काडी घातलेलं आणि बाहेरून राखेत घोळलेलं. ते आणि ड्राय वूव्रे, ही जोडी डोळे मिटून घ्या. आणि लेण्यांमधल्या खानावळीत 'फुए' मिळतात: लाकडाच्या भट्टीत टाकलेला कणकेचा छोटा गोळा, टम्म फुगतो, फोडायचा आणि आत रिएत किंवा पांढरे वाल भरायचे. पहिला फुए फोडल्यावर आतून वाफ आली तेव्हा मला चुलीवरची भाकरीच आठवली.

आपल्या जेवणात: दमी-सेक आणि कोलंबीचं कालवण, हे वर लिहिलंच. अळूवडी चांगली. चिंच-गूळ असलेलं काहीही चांगलं. म्वालो मी पुरणपोळीबरोबर घेऊन बघितली आणि पस्तावलो, पोळीपुढे वाइन फिकी पडली. तीच म्वालो नंतर नुसत्या खारवलेल्या काजूंबरोबर घेतली, अहाहा.

स्वाती_कोथरूड

अळूवडी लिहून घेतली. लेक म्हणते तिच्याकडे अळू मिळत नाही, पालकावर भागवू.

गोडीछाटणी

मुपो, एक राहिलं. तिकडे गारपीट होते का? ल्वार म्हटलं की मला नुसता राजवाड्यांचा फोटो दिसतो, शेतकरी दिसत नाही.

मु.पो. पॅरिस

होते. १७ जून २०१३ रोजी सकाळी वूव्रेवर गारा पडल्या, काही मिनिटांत गावातल्या बहुतांश बागा झोडपल्या गेल्या. कोवळे घडच नाहीत, पुढच्या वर्षीच्या काड्याही फाटल्या. आणि वसंतात दव गोठण्याची भीती दर साली. शेनिन लवकर फुटते ना, मग एप्रिलच्या एखाद्या रात्री कोंब करपतात. २०१६ आणि २०२१ साली तसं झालं. त्या रात्री लोक बागांत जागतात, मेणबत्त्यांचे डबे पेटवतात, पंखे लावतात.

गोडीछाटणी

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं तेच. तोडणीला आलेला माल. गारा थांबल्यावर बागेत एवढी शांतता होती की खाली पडलेल्या मण्यांवर पाय पडल्याचा आवाज येत होता. वडील दोन दिवस बागेकडं फिरकले नाहीत.

त्यांच्या आजोबांना आमचा राम राम सांगा.

मु.पो. पॅरिस

धागा वर काढतोय. गेल्या शनिवारी परत गेलो होतो, तोडणी बघायला. राम राम सांगितला. अर्थ समजावून सांगायला पाच मिनिटं लागली, मग त्यांनी दोनदा म्हणून बघितला.

गोडीछाटणी, तुमच्या वतीनं एक विचारून आलो: गोडासाठी थांबायचं की ड्रायसाठी तोडायचं, हे ठरतं कसं? यंत्रं आहेत, साखर मोजतात, हवामानाचा अंदाज फोनवर असतो. पण आजोबा सकाळी कड्याच्या टोकाला जाऊन उभे राहतात आणि नदीवरचं धुकं किती वाजता उठतं ते बघतात. मी गेलो त्या दिवशी साडेअकरा वाजले तरी पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्यांनी खिशातून हात काढला, मुलीकडे बघून मान हलवली आणि खाली गेले. अर्ध्या तासात ट्रेलर बागेत. यंदा म्वालो नाही. सगळं सेक आणि फेसाळ.

गोडीछाटणी

बरोबर केलं त्यांनी. साडेअकरापर्यंत धुकं म्हणजे बुरशी बसणारच.

आमची बुधवारी गोडी छाटणी. आज सकाळपर्यंत पाऊस होता, बागेत पाय रुततोय. माणसं सांगून ठेवलीत.